उघाडीची झडप एकदाच लावायची

"याला ऑब्सेशनल न्यूरोसिस म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

मी सातवी फायनलपर्यंत शिकलेला, तरी ते शब्द मला कळले नाहीत. माझी बायको हिरा शेजारी बसली होती. तिने सरळच विचारलं, "म्हंजे येड का?"

"नाही. यांना सगळं कळतंय. एकच नकोसा विचार डोक्यात घुसतो. तो जावा म्हणून हे एकच काम पुन्हा पुन्हा करतात. विचार घटकाभर जातो आणि परत येतो. हा आजार आहे, आणि यावर उपचार आहे."

ऐकून मला आधी बरं वाटलं, कारण माझ्या त्रासाला नाव होतं. मग रडू फुटलं. नाव मिळालं म्हणून सुटका थोडीच होते? त्या खुर्चीवर बसल्या बसल्यासुद्धा माझ्या डोक्यात चालूच होतं, की गावी माझ्या जागी काम बघणाऱ्या धर्माकाकांनी आज झडप नीट लावली असेल ना?

ही गोष्ट साठ सालानंतरची. नवी मुंबई हे नाव तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. आम्ही घणसोलीचे. गावाबाहेर भातखाचरं, त्यापलीकडे खाडी, आणि दोन्हींच्या मधे मातीचा लांब बांध. बांधात एका ठिकाणी दगडी मोरी होती, तिला आम्ही उघाडी म्हणायचो. ओहोटीला तिची लाकडी झडप उचलायची, म्हणजे शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत उतरतं. भरतीच्या आधी झडप पाडायची आणि पाचर ठोकायची. झडप उघडी राहिली तर खारं पाणी उभ्या भातात शिरतं आणि पुढची काही वर्षं ती जमीन धड पिकत नाही. माझ्या लहानपणी पलीकडच्या खारीत, म्हणजे बांधाआडच्या शेतात, तसं झालं होतं. करपलेली ती रोपं मी पाहिली होती.

वडील वारले तेव्हा गावाने उघाडी माझ्याकडे दिली. मला त्याचा अभिमान वाटला. पहिली दोन वर्षं काही झालं नाही.

मग एका दुपारी झडप लावून घरी निघालो आणि निम्म्या वाटेत मनात आलं, पाचर बसली का? परत गेलो. बसली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. काळजी घेतलेली बरी, असं मीच मला समजावलं. हीच पहिली खूण होती. तुमच्या बाबतीत असं काही होत असेल तर मी केली तशी चालढकल करू नका.

हळूहळू नुसतं बघून भागेना. हात लावायचा, मग दाबायचं, मग खाली उतरून फटीला तळवा लावून पाणी येतं का ते चाचपायचं. वर आलो की वाटायचं, दाबताना पाचर हलली तर नाही? पुन्हा खाली. तळव्यांची सालं निघाली. शंकेला तळच नव्हता. डोळ्यांनी बघत असतानाही मला दिसतंय त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. हे ज्याने भोगलं नाही त्याला समजावता येणार नाही.

दुपारची भाकर हिरा बांधावर आणून द्यायची. तिला मी विचारायचो, "लागली ना झडप?" ती म्हणायची, "लागली हाय. मी सोता बगितली." तेवढ्यापुरता जीव खाली बसायचा. पुढे तिचंही खरं वाटेना. ती म्हणाली ते नीट बघून म्हणाली का, हा नवा प्रश्न.

धाकट्या बहिणीचं लग्न बेलापूरला होतं. नवे कपडे घालून मी वऱ्हाडाबरोबर निघालो आणि गावाच्या वेशीवरून परत फिरलो. अक्षता पडल्या तेव्हा मी चिखलात उभा होतो, नव्या धोतरात, झडपेला हात लावून. वाजंत्री वाजत असेल, बहीण मला शोधत असेल, हे सगळं कळत होतं. पाय निघत नव्हते. कोणी दोरीने बांधलं असतं तर ती दोरी तरी दिसली असती.

भगताने खाडीकाठची बाधा सांगितली. कोंबडं दिलं, दोरा बांधला. ठाण्याच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गुंगी यायची, पण गुंगीतही शंका जागीच. शेवटी मुंबईत गोदीत कामाला असलेला हिराचा भाऊ मला तिथल्या मोठ्या रुग्णालयात न्यायला आला. वाशीहून होडीने खाडी ओलांडली. होडीत मी सारखा मागे वळून बघत होतो. मेहुणा आणि हिरा मला दोन्ही बाजूंनी धरून बसले होते.

तिथे डॉक्टरांनी आजाराचं ते नाव सांगितलं आणि मला भरती करून घेतलं. वॉर्डाच्या खिडक्यांना गज होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला शॉक द्यायला नेत. परत आला की तो बराच वेळ छताकडे बघत पडून राही. आपलीही पाळी येणार म्हणून मी दाराकडे डोळे लावून असायचो. पण डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला शॉक नाही. सुमतीबाई तुमच्यावर बिहेवियर थेरपी करतील." म्हणजे काय, ते बाईंनीच सांगितलं. विलायतेत नुकती निघालेली पद्धत होती. विचार थांबवायला जायचं नाही. विचार आला की आपण जे करतो, ते करायचं नाही.

सुमतीबाई मानसशास्त्र शिकून आलेल्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी विचारलं, "आजवर किती वेळा झडप उघडी राहिली?"

"एकदाही नाही."

"मग?"

"मी बघतो म्हणून राहत नाही, बाई."

त्या हसल्या नाहीत. "हे खरं असेल किंवा नसेल. आपण बघितल्याशिवाय कसं कळणार? आणि भाऊ, झडप राहिली असं वाटणं आणि झडप राहणं, या दोन गोष्टी एकच आहेत का?"

माझ्यासाठी त्या एकच झाल्या होत्या.

वॉर्डाच्या टोकाला पाण्याची टाकी होती. तिचा नळ बंद करायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं. नळ राहिला तर सगळ्या वॉर्डाचं पाणी वाहून जाणार. "एकदा बंद करा, आणि येऊन माझ्यासमोर बसा. परत बघायचं नाही." मी येऊन बसलो. छाती धडधडू लागली, अंगाला घाम सुटला, कानात पाणी वाहिल्याचा आवाज येऊ लागला. "बाई, एकदाच जाऊ द्या." "नाही. नुसतं बसा." मी त्यांना वाईट बोललो. त्या बसून राहिल्या. खूप वेळाने धडधड आपोआप उतरली. मी काहीही न करता ती उतरली, हे मला नवीन होतं. इतकी वर्षं मी तिला तेवढा वेळच दिला नव्हता.

रोज हेच. काही दिवस मी चोरून जाऊन बघून आलो आणि मग सगळं पहिल्यापासून. सुटकेच्या वेळी बाईंनी हिराला बोलावलं. "हे विचारतील, झडप लागली का. तुम्ही उत्तर द्यायचं नाही. तुमचं 'हो' म्हणजे या आजाराचं खाद्य आहे."

हिरा म्हणाली, "बाई, त्यांचा जीव तलमलतो. मी गप कशी ऱ्हाऊ?"

"तुम्हालाच जास्त जड जाणार आहे," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर धर्माकाकांनी उघाडी परत माझ्या हाती दिली. बाईंनीच तसं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी झडप पाडली, पाचर ठोकली आणि घरी आलो. हिरा भाकऱ्या थापत होती.

"हिरा, मी पाचर ठोकली ना? लांबून तरी बगितलंस का?"

ती थापत राहिली.

"अगं, फकस्त हो म्हन."

"मी बोलनार नाय."

"माजा जीव चाललाय आनि तू..."

"माजा बी चाललाय," ती म्हणाली आणि तिने तोंड चुलीकडे फिरवलं. तिची पाठ हलत होती. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पळत गेलो. असं कित्येक महिने चाललं. जमलेले दिवस हळूहळू वाढत गेले, एवढंच.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना माझं सांगणं आहे, की त्याला धीर देण्यासाठी सारखं 'हो, हो' म्हणू नका. जवळ बसा. हिराने मला शब्दाने दिलं नाही ते शेजारी बसून दिलं. तिचे आणि बाईंचे उपकार मी कसे फेडणार?

त्यानंतरच्या एका भादव्यात अमावास्येचं मोठं उधाण आलं. सकाळी कोणीतरी ओरडत आलं, "खांड परली! खांड परली!" बांध फुटला होता. उघाडीपाशी नव्हे, बराच पलीकडे. खेकड्यांच्या बिळांनी माती पोकळ झाली होती. झडप लागलेलीच होती, तरी खारं पाणी धो धो आत येत होतं. त्यात आमचं खाचरही होतं.

सारा गाव धावला. लाकडी मेढी रोवल्या, पेंढा टाकला, हातोहात चिखल दिला. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून चिखलाचे गोळे लावत होतो. ज्याच्या भीतीने मी बहिणीचं लग्न सोडलं, ते माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं. आणि माझे हात काम करत होते. मला कोणी दोष दिला नाही. धर्माकाका एवढंच म्हणाले, "लवकर, परत भरती लागायच्या आत."

ओहोटीला खांड बुजली. हिरा डोक्यावरची पाटी उतरवून माझ्याकडे निरखून बघू लागली. चेहऱ्यावर ती माझी जुनी शंका शोधतेय हे मला कळलं.

"काय वाटतंय?" तिने विचारलं.

मी खरंच मनात डोकावून पाहिलं. "थंडी वाजते," मी म्हणालो. "आनि भूक लागली हाय."

चिखलाने माखलेली हिरा मोठ्याने हसली. लोक वळून बघू लागले. तिने पदराची गाठ सोडून भाकर काढली, अर्धी मला दिली, आणि बुडालेल्या शेतासमोर बसून आम्ही दोघांनी ती खाल्ली.