तापलेल्या टायरची हवा

"बाबूजी, गर्मी बहुत है, हवा थोड़ी कम कर दूँ?" पंपावरच्या भैयानं विचारता विचारता वॉल्व्ह दाबलाही, आणि तो गरम रबराचा वास आला. मी "नहीं!" असं ओरडलो की तो दचकलाच.

वीस वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, माझा धाकटा भाऊ विनू ग्वाल्हेरहून पिकअपमध्ये कूलर लादून आला होता. ते पोचवायला पुढे बबीना गावी निघण्याआधी तो घरी जेवायला थांबला. मी टायरला हात लावला तर चटका बसला.

"हवा काढ, नाहीतर फुटेल."

"दादा, तासभर सावलीत उभी राहिली की आपोआप निवेल. गरम टायरची हवा काढत नाहीत."

"इंजिनियर तू की मी?"

तो हसला. मग उकिडवं बसून त्यानं खिळ्यानं चारही वॉल्व्ह दाबले. हवा फुसफुसत माझ्या तोंडावर आली.

बबीन्याच्या अलीकडे टायर फुटून गाडी उलटली. विनू जागीच गेला. हवा कमी असली की टायर ओझ्याखाली जास्तच तापतो, हे मला गॅरेजमधल्या मिस्त्रीनं तेराव्यानंतर सांगितलं.

आई अजून त्या उन्हाला शिव्या देते. मी शेजारी बसून मान डोलावतो.