अर्ध्या पत्र्याला चुना

मेंढरं विकून कस्तुराबाई आणि तिचा नवरा खंडेराव सोयगावकडून शहरातल्या मुकुंदवाडीत राहायला आले, तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. झाडं तोडून वाढलेल्या वस्तीत त्यांची पत्र्याची खोली दुपारी भट्टीसारखी तापायची. त्यावरून खंडेरावाचं आणि शेजारच्या सुकेशनीचं रोज वाजायचं. ती म्हणायची, सगळी पृथ्वीच तापत चाललीय. तो म्हणायचा, "उन्हाळा हाय, तापणारच. बहात्तरला काय गारवा होता?"

कस्तुराबाईनं सुकेशनीला विचारलं, "पुढचा उन्हाळा याहून कडक असंल का?"

"एका सालाचं नाय सांगता येत, मावशी. पण ताप वाढतोय, एवढं नक्की."

कस्तुराबाई विचारात पडली. मेंढरांमागं हिंडताना पाऊस येईल की नाही, हे कुणाला ठाऊक असायचं? तरी घोंगडी खांद्यावर असायचीच. पत्रा पांढरा केला तर ऊन परत फिरेल का, हे तिनं करूनच बघायचं ठरवलं. कपडे खळबळलेल्या पाण्यात चुना आणि डिंक कालवून ती शिडी चढली.

"कुणाला चुना लावतीस?" खंडेरावानं खालून विचारलं.

"अर्ध्याच पत्र्याला. फरक कळाया पायजे ना!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीतून पत्र्याला हात लावून बघत होती. पांढऱ्या बाजूला हात टिकत होता, दुसरीकडं चटका बसत होता. मागं कुरकुर ऐकू आली म्हणून ती वळली, तर खंडेराव आपली बाज पांढऱ्या पत्र्याखाली ओढत होता.

"पृथ्वीचं मला काय ठाऊक नाय," तो म्हणाला. "राहिलेला अर्धा कधी करतीस?"