मायोसिसमधली चूक आणि वहिनीवरचा ठपका

कोलकात्यात सॉल्ट लेकला दादाच्या घरी जाऊन आत्ताच परतले. राहवत नाही म्हणून इथे लिहितेय.

वहिनीचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. गर्भात एक गुणसूत्र जास्त होतं, असं आज डॉक्टरांनी सांगितलं. तरी आईचं चालूच, "रोज मेट्रोने ऑफिसला गेली, म्हणून झालं."

मी जीवशास्त्र शिकवते. आईला समजावलं, "जखम भरते ती मायटोसिसने. त्यात एका पेशीच्या हुबेहूब तशाच दोन होतात. स्त्रीबीज आणि शुक्राणू मायोसिसने बनतात, त्यात गुणसूत्रं निम्मी होतात. ती वाटणी चुकली. मेट्रोचा काय संबंध?"

"म्हणजे हिच्याच बीजात खोट?"

"आई, चूक दादाकडूनही झालेली असू शकते. आणि यात कुणाचाच दोष नसतो."

"माझ्या मुलावर ढकलू नकोस!"

दादा समोरच बसला होता. वहिनी उठून आत गेली, कडी लावून घेतली. दादाने टीव्ही लावला.

मी निघाले तेव्हाही दार बंदच होतं.

तुमच्या घरात अशा वेळी नवरा बोलतो का हो?