एका कोयत्याला एक जोड

आईनं पहिला बूट शिवला तो स्वतःच्या पायासाठी. उसाची मोळी डोक्यावर घेतली की बाईला पायाखालचं दिसत नाही, आणि फडात तोडलेल्या उसाचे बुडखे सुरीसारखे वर आलेले असतात. एका हंगामात तिचा तळवा फाटला. जखम चिघळली, तिला घाण सुटली. ती घाण मला अजून कुठंही ओळखू येईल. मुकादम म्हणाला, "हळद दाब आन् ऊठ." ती उठली. हंगाम संपवून गावी आली आणि तिनं आज्याची चामडं कापायची रापी हातात घेतली.

आमच्या चांभारवाड्यात बाईनं चामडं भिजवावं, घासावं, कुंडातलं नासलेलं पाणी उपसावं. रापीला मात्र हात लावायचा नाही. घाण बाईला चालते, हत्यार चालत नाही! आजा रागानं तिच्या हातचं जेवेना. आईनं त्याचं ताट झाकून ठेवलं आणि बूट पुरा केला. घोट्याच्या वर येणारा, जाड चामड्याचा, तळाला पाटोद्याच्या गॅरेजवरून आणलेला टायरचा तुकडा. दिसायला ओबडधोबड, पण बुडखा आत शिरेना. पुढच्या हंगामात टोळीतल्या बायका तिच्या मागं लागल्या.

मग दुष्काळ पडला. मेलेलं जनावर ओढायचं असलं की गावाला आमचा वाडा आठवायचा, आणि टँकर आला की आमच्या घागरी सगळ्यांत शेवटी. असल्या माणसांना वर हात जोडून रामराम घालावा लागायचा, त्याची शिसारी यायची मला. शेतं ओस पडली तशी बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी माणसं वाढली. आईनं दहा बायका गोळा केल्या आणि बुटांची सहकारी संस्था काढली. बुटाचे लाकडी फर्मे बाजारात मिळायचे ते पुरुषांच्या मापाचे. तिनं बायकांचे पाय मोजून सुताराकडून नवे घडवून घेतले. सुतार हसला. आईनं त्याला हसू दिलं.

संस्थेचं नाव झालं तसे पुढारी आले. एका साखर कारखान्याचे संचालक आमच्या ओसरीवर नाकाला रुमाल लावून बसले. चहा पुढं केला तर म्हणाले, "आत्ताच घेतला." आमच्या घरी येणारा प्रत्येक मोठा माणूस आत्ताच चहा घेऊन आलेला असतो. पण आईला त्याचं काही वाटलं नाही. तिला एकच हवं होतं, आपला पाय सडला तसा दुसऱ्या बाईचा सडू नये. आणि हा माणूस म्हणत होता, कारखाना तोडणीवाल्यांना बूट फुकट वाटणार.

"किती जोड लागतील?" त्यांनी विचारलं.

"एका कोयत्याला एक," आई म्हणाली.

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. आगाऊ पैशाची उचल कोयत्याला, राहायची खोपी कोयत्याला, ट्रकमधली जागाही कोयत्याला. कोयत्यामागं एक बाई, म्हणजे एक जोड, इतका सरळ आईचा हिशेब. पुरुषांच्या पायात काही ना काही असायचंच. दहाही बायकांनी माना डोलावल्या. यादी मी लिहिली, कारण घरात लिहिता येणारी मीच. रिवाजाप्रमाणं कोयत्यापुढं पुरुषाचं नाव लिहिलं. मला त्यात काही खटकलं नाही.

टोळ्या निघायच्या दिवशी नांदूरघाटला मंडप पडला. हार, माइक, फोटोवाला. नावं वाचायला मला उभं केलं. मी नाव घेतलं की तो पुरुष पुढं यायचा, संचालक त्याच्या हातात जोड ठेवून फोटोवाल्याकडं तोंड करायचे. पुरुषांचे पाय काही आत जाईनात. मग एकानं खाली बसून कोयत्यानं बुटाची टाच उभी चिरली. त्याचं बघून दुसऱ्यानं चिरली. आईच्या हातची शिलाई माझ्या डोळ्यांसमोर उसवत होती आणि माणसं हसत होती.

स्वतःच्या पायाला फडकं गुंडाळलेली एक बाई नवऱ्याचा पाय दोन्ही हातांनी आत कोंबत होती. आई धावत गेली. "अगं, ह्यो तुजा हाय. तुज्या मापाचा हाय."

बाई ओशाळली. "माजा कसा आसंल, अक्का? नाव तर ह्यांचं घेतलं की."

आईनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. संचालकांनी पुढचा जोड उचलला होता. "पुढचं नाव घे, पोरी."

आई बघत होती, आणि मी नाव घेतलं. त्या रुमालवाल्याची मला यायची ती किळस पुढं कधीतरी ओसरली. माझ्या त्या आवाजाची अजून येते.