झाकण उघडण्याचा अधिकार

सदोष वस्तू विकून वर ग्राहकालाच दोष देणे, हा माझ्या मते चोरीचाच सभ्य प्रकार आहे. लाव्याची अंडी उबवण्याच्या पेटीतून पहिल्या खेपेस चोवीसपैकी पाचच पिल्ले बाहेर आली, तेव्हा मी त्याच दिवशी विक्रेत्याला पत्र लिहिले. दुसऱ्या पत्रानंतर त्याचा फोन आला.

"अंकल, अंडेच खराब असतील."

मी अंकल नसून तक्रारदार आहे, हे मी त्याला ऐकवले.

अंडी खराब नव्हती. एकोडीच्या आमच्या घरामागे, जाळीत, पत्नीने पाळलेल्या लाव्यांची ती होती. रानातला लावा पकडणे गुन्हा आहे; आमचे पक्षी जपानी जातीचे, रीतसर पावतीने घेतलेले. ही जात स्वतः अंड्यांवर क्वचितच बसते, म्हणून पेटी. माद्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. नवी पिल्ले निघाली नाहीत, तर पत्नीची जाळी वर्षभरात ओस पडणार होती.

दुसऱ्या खेपेस मी कोणतीही पळवाट शिल्लक ठेवली नाही. आठवड्याच्या आतलीच अंडी घेतली, तडकलेली वगळली, टोकदार बाजू खाली ठेवली. पेटीचा तापमापक दुसऱ्या तापमापकाशी पडताळला. चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीनदा अंडी फिरवली, मग थांबवले आणि पाणी वाढवले. शेवटचे तीन दिवस दर तासाला झाकण उघडून छायाचित्र घेतले आणि तापमान व आर्द्रता उघडण्याआधी आणि नंतर नोंदवहीत लिहिली. पुराव्याशिवाय तक्रार म्हणजे नुसती कुरकुर.

निघाली चार. उरलेली अंडी मी दोन शेजाऱ्यांसमक्ष फोडली. आत पूर्ण वाढलेली पिल्ले होती. काहींनी चोचीने कवच टोचलेही होते. पण आतला पापुद्रा कागदासारखा सुकून अंगाला चिकटला होता. मी पंचनामा केला, सह्या घेतल्या आणि भंडाऱ्याला जाऊन ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली.

तिसऱ्या खेपेच्या चौदाव्या दिवशी मी नोंदवही घेऊन पेटीजवळ गेलो, तर पत्नी जुन्या लुगड्याच्या पट्टीने झाकण बांधत होती.

"हे काय?"

"खुडूक कोंबडीच्या बुडाखाली घडीघडी हात घालते का कोनी? पिल्लं निघाची वेळ, अन् तुमी पंचनामा करून राहिले!"

"पेटीसोबतच्या इंग्रजी कागदात झाकण उघडू नये असे कुठेही लिहिलेले नाही."

"कोंबडीले कोनता कागद वाचाले देते जी? अन् तारखेवर काय दाखवाचं ते तुमी पाहा. मले पिल्लं पायजे, निकाल नाई."

मी संतापून बाहेर पडलो. पुरावा गोळा करण्याच्या माझ्या हक्कावर घरातच गदा आली होती. पण बांधलेली गाठ मी सोडली नाही, कारण तसे केले असते तर ती पुन्हा माझ्याशी बोलली नसती.

अठराव्या दिवशी तिने गाठ सोडली. एकोणीस पिल्ले, अंगठ्याएवढी, एकमेकांवर चढत होती. अंडी त्याच माद्यांची होती, पेटीही तीच.

मी दुसऱ्या खेपेची नोंदवही काढली. माझ्याच अक्षरात, दर तासाच्या ओळीत, झाकण उघडण्यापूर्वीची आणि नंतरची आर्द्रता लिहिलेली होती. प्रत्येक वेळी ती धाडकन खाली आली होती. तो आकडा मी स्वतः लिहिला होता आणि एकदाही वाचला नव्हता. पहिल्या खेपेसही, नोंदवही नसताना, पिल्ले निघाली का हे पाहायला मी सारखे झाकण उघडत होतो.

त्या दुपारी मी आयोगाला अर्ज लिहिला. पेटी सदोष असल्याचा आरोप मागे घेतला. मराठीत एकही सूचना न देता असे यंत्र विकल्याचा आरोप मात्र कायम ठेवला. त्यातून त्या माणसाला मी सुटू देणार नाही. सोबत नोंदवहीची प्रत जोडली आणि तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले, की दुसऱ्या खेपेतील पिल्ले तक्रारदाराच्या हातून मेली. चाळीस वर्षांत मी असंख्य लोकांविरुद्ध लिहिले. इतका राग कोणाचाच आला नव्हता.

पत्नीने अर्ज ऐकून घेतला. म्हणाली, "सही करा अन् ते भांडं द्या इकडे. पिल्लं तहानले."