सम्राज्ञीच्या भुवईवरचा व्रण

माझी तैसिसमावशी पॅनोपोलिसची. आमच्या नदीकाठच्या गावात घरोघरी जवसाचं कापड विणणारे माग, आणि दोन घरं सोडून एक कवी. मावशीचा नवरा बेसास मुलांना ग्रीक काव्य शिकवायचा. समुद्रापलीकडच्या राजधानीत जाऊन सम्राटापुढे स्तुतिकाव्य म्हणावं, ही आमच्याकडच्या प्रत्येक कवीची आस. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच बेसासनेही बोचकं बांधलं.

"इथून केलेली स्तुती चालत नाही का त्याला?" मावशीने विचारलं.

"अगं, ऐकू तर जायला हवी!"

"मग जरा ओरडून म्हण."

तो खूप हसला. पुढच्या वर्षी नदीला पूर येण्याआत येतो म्हणाला, आणि गेला.

पूर आले, ओसरले. सुरुवातीला येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप यायचे. मग तो सम्राट वारला, दुसरा आला. पहिल्याचे गोडवे गायलेल्यांनी दुसऱ्याचे दुप्पट गायचे असतात, नाहीतर संशय येतो. बेसास अडकला तो अडकलाच. मावशी मागावर बसायची, पण धक्क्यावर पडाव लागल्याचा आवाज आला की तिचा हात थांबायचा. शेजारी बसून विणणाऱ्या मला ते कळायचं.

एकदा हेरोन गावी आला. तोही कवी, बेसासबरोबर गेलेला. आईच्या दिवसकार्याला आला होता. जेवणं झाल्यावर लोकांनी त्याला गळ घातली, तेव्हा त्याने सम्राटाच्या लग्नात बेसासने म्हटलेलं गीत म्हणून दाखवलं. त्यातली वधू नदीकाठी उभी होती. तिच्या केसांत जवसाचे धागे अडकले होते, आणि डाव्या भुवईवर बारीकसा व्रण होता.

"दरबारात सगळे एकमेकांकडे बघायला लागले," हेरोन म्हणाला. "सम्राज्ञीने जन्मात माग पाहिलेला नाही! आणि व्रण कुठला? पण बाई खूश झाली, म्हणून निभावलं."

आता सगळे मावशीकडे बघत होते. लहानपणी मागाचा धोटा लागून तिची डावी भुवई फाटली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"मेल्याने मला परक्या बाईच्या लग्नात उभं केलं," ती म्हणाली आणि ताडकन उठून गेली. सकाळी मात्र हेरोनच्या दारात हजर. "भुवईचं तेवढं पुन्हा म्हण."

तो परत निघाला तेव्हा तीही त्याच्याबरोबर धान्याच्या पडावात बसली. माझी आई रडली, बहिणीशी भांडली. मावशीने ऐकलं नाही.

अलेक्झांड्रियाला पोहोचेपर्यंत हिवाळा लागला आणि वादळांच्या भीतीने समुद्रप्रवास बंद झाला. तिथेच ती एका विणकराकडे राहिली. वसंतात पहिलं गलबत आलं, ते बातमी घेऊनच. सम्राट लढाईला निघाला होता, आणि विजयाची गाणी रचायला बेसासला बरोबर नेलं होतं. लढाईत हार झाली. बेसास परतला नाही, पण तो मेल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं. हेरोन पुढे गेला. मावशी बंदरावरच राहिली.

बऱ्याच वर्षांनी मी तिला आणायला गेले. केस पिकले होते. एक खलाशी धक्क्यावर तेच गीत गुणगुणत होता. आता ते राजधानीत कुठल्याही लग्नात म्हणतात.

"अरे, भुवईचं राहिलं," मावशीने त्याला टोकलं.

"तसं काही नाही त्यात, आजी."

ती वाद घालत बसली नाही. मला धक्क्यालगतच्या आपल्या माडीवर नेऊन तिने मसूर शिजवली, खारवलेला मासा वाढला.

"चल ना गं आता," मी म्हटलं. "मागावरची तुझी जागा अजून रिकामी आहे."

"तिथून समुद्र दिसत नाही," ती म्हणाली. मग नदीचं पाणी यंदा कुठवर चढलं, जवस कसा आलाय, विचारू लागली. मी सांगत होते. तेवढ्यात खाली कुणीतरी गलबत आल्याची हाक दिली, आणि माझं बोलणं अर्धंच टाकून ती पायऱ्या उतरायला लागली.