आधी झोपाळ्याकडे

माझा मुलगा मला वहिनी म्हणायचा. धाकटे दीर मला तशी हाक मारत, तेच तो शिकला. आई म्हणायचा तो थोरल्या जाऊबाईंना. कल्याणच्या आमच्या घराची रीतच तशी. वडीलमाणसांसमोर स्वतःच्या पोराला उचलायचं नाही, लाडानं बोलायचं नाही; आईनं नाही आणि बापानं तर नाहीच. ते म्हणे निर्लज्जपणाचं. पोर व्हावं म्हणून नवस बोलताना कुणाला लाज वाटली नव्हती, पण ते असो. दूध पाजून झालं की तो जाऊबाईंच्या कडेवर जायचा. माणसांनी भरलेल्या त्या घरात मला फार एकटं वाटे.

हे ठाण्याच्या कचेरीत कारकून होते, आगगाडीनं जात-येत. तिथं त्यांचे एक स्नेही शाळामास्तर होते. लहान मुलाला माया कुणाची लागते, कशी लागते, याचा शोध घेण्याचं वेड त्यांनी घेतलं होतं. हे पुस्तकात सापडायचं नाही, आईबापांनीच बघून सांगायला हवं, असं ते म्हणत.

एकदा पाय धुण्याच्या निमित्तानं हे परसातल्या विहिरीवर आले नि हळूच म्हणाले, "अगं, आपलं पोर कशाला घाबरतं? मास्तरांनी तुलाच विचारायला सांगितलंय."

माझ्या मुलाबद्दल मला कुणी काही विचारलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. म्हटलं, "नंदीबैलाला. ढोलकं वाजलं की थरथर कापतो."

"मग नंदीबैलवाल्याला बोलावू. पोर कुणाकडे धावतं ते आपण दोघांनी बघायचं."

आपण दोघांनी! रविवार उजाडेपर्यंत मी ते मनात घोळवत होते. तो माझ्याकडेच येणार, याची मला खात्री होती.

रविवारी मास्तर ओसरीच्या टोकाला अंगणाकडे तोंड करून बसले; परक्यानं घरातल्या बायकांकडे बघायचं नसे. सासूबाई झोपाळ्यावर होत्या, हे त्यांच्यासमोर उभे, जाऊबाई खांबाआड वाती वळत होत्या, मी माजघराच्या दारात. अंगणात ढोलकं गुबूगुबू वाजलं नि लेकरू किंचाळत सुटलं, सरळ माझ्याकडे. मी हात पुढे केलेसुद्धा. अगदी जवळ येऊन तो थांबला. मान वळवून त्यानं झोपाळ्याकडे, आजीच्या तोंडाकडे बघितलं. मग फिरला नि जाऊबाईंच्या पदरात शिरला. धड तीन वर्षांचं नव्हतं पोर, पण घराची रीत पुरती शिकलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे विहिरीवर म्हणाले, "काकूकडे गेला, असं सांगितलं मास्तरांना."

"आधी माझ्याकडे येत होता. तुम्ही नाही बघितलंत?"

"आई समोर होती. मी खाली बघत होतो."

"मग मी बघितलं ते सांगा."

"आजीच्या धाकानं थांबला, हे परक्याला कोणत्या तोंडानं सांगू?"

असा संताप आला, कळशी दाणकन विहिरीत सोडली. मास्तरांनी पुन्हा काही विचारलं नाही.

आता सासूबाई नाहीत, जाऊबाई नाहीत, हेही गेले. मुलगा मला आई म्हणतो. संध्याकाळी कामावरून येतो, माझ्यापाशी बसावंसं त्याला वाटतं, ते मला दिसतं. जवळ येतो, थांबतो, रिकाम्या झोपाळ्याकडे बघतो. मग "काही हवंय का?" असं विचारून आत जातो. माझे हात तोवर पुढे झालेले असतात. मी पदर सावरल्यासारखं करते.